बिनदांड्याचा हातोडा

उत्तमभाऊ कुठलीही वस्तू लेथवर चढवण्याआधी एक प्रश्न विचारायचे, "हे कुणाच्या हातात जाणार?"

मस्कतजवळ माबेलाच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप होतं. पंपांचे शाफ्ट, व्हॉल्व्हची चाकं, बुश, असली कामं. मी तिथे तपासणी विभागात नवा लागलो होतो. ड्रॉइंग आलं, माप आलं, ठरलेल्या मायक्रॉनच्या आत काम बसलं, की माझ्यासाठी विषय संपायचा. ते चाक फिरवणारा माणूस ड्रॉइंगवर नसतो. उत्तमभाऊंना मात्र तो लागायचा. एकदा बरकाकडच्या एका म्हाताऱ्या बागमालकाचं व्हॉल्व्हचं चाक आलं. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. भाऊंनी त्याला समोर उभं करून हवेतल्या हवेत चाक फिरवायला लावलं, दोनदा नीट पाहिलं आणि नव्या चाकाच्या कडेला बोटं अडकतील अशा तीन खाचा घेतल्या. ड्रॉइंगमध्ये खाचा नव्हत्या, म्हणून मी ते चाक नापास केलं. म्हातारा माझ्याच टेबलावरून ते उचलून घेऊन गेला.

भाऊ तेव्हा सत्तेचाळीसचे असतील. संगमेश्वर तालुक्यातल्या निवेकोंडचे. आयटीआयमधून टर्नर झाले, मुंबईतला कारखाना बंद पडल्यावर ओमानात आले आणि पंधरा वर्षं त्याच लेथसमोर उभे राहिले. वर्कशॉपच्या मागे चौघांत एक खोली. गावी बायको मैना आणि दोन मुलं. बोलणं बेताचं. एक सवय मात्र होती. विचारात पडले की त्यांचा डावा हात कमरेशी जायचा आणि सदऱ्यावरून काहीतरी चाचपून परत यायचा. उभ्याच्या कामाने कंबर धरली असणार, असं मी समजत होतो.

शुक्रवारी आम्हाला सुट्टी. दुपारची नमाज आणि जेवणं झाली की मी मत्रहला माझ्या मैत्रिणीच्या, अंबरीनच्या घरी जायचो. तिचे वडील दाभोळकडचे. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर घर. अंबरीन, तिचा भाऊ रय्यान आणि औषधांच्या कंपनीतली यशश्री, हे तिघं आणि मी मिळून एक खेळ खेळायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. पात्र काय करणार ते त्याने स्वतः ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं.

आमची गोष्ट डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांची होती. त्यांचा पहिला राजा भोरग. त्याने एका हातोड्याने डोंगर फोडला आणि सगळ्यांना आत घर दिलं. तो वारसाशिवाय गेला, हातोडा हरवला आणि बुटक्यांची तीन कुळं झाली. लोखंड काढणारं लोहकूळ, दगड घडवणारं गारकूळ, मीठ खणणारं मीठकूळ. तिन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली. आम्ही दीड वर्ष हातोडा शोधत होतो. अखेर २०१७च्या नोव्हेंबरात तो सापडला, आणि त्यानंतर खेळ पुढे सरकेना. हातोडा ज्याच्याकडे, तो राजा. तिघेही आपापल्या कुळाचे मुखिया. दर शुक्रवारी भांडायचे आणि समोसे खाऊन उठायचे.

मला वाटलं, खराखुरा हातोडा टेबलावर आला तर काहीतरी हलेल. मी भाऊंना सगळी गोष्ट सांगितली आणि कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही.

"हे कुणाच्या हातात जाणार?"

मी म्हटलं, तेच अजून ठरलेलं नाही.

"मग मूठ कशी करू? अंबरीनताईचा हात लहान असंल. त्या पोराचा मोठा."

मी म्हटलं, कशीही करा, शोभेची तर आहे. ते नुसते हसले. आठवड्याने त्यांनी जुन्या शाफ्टच्या तुकड्यातून घडवलेलं हातोड्याचं डोकं माझ्यासमोर ठेवलं. दोन्ही तोंडांवर पॉलिश, मधल्या पट्ट्यावर छिन्नीने उठवलेली डोंगररांग. खाली दांड्यासाठी चौकोनी भोक, रिकामं. ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी दांडा बसवतो, म्हणाले. सोबत एक लोखंडी पेटी. तिला तीन कोयंडे आणि तीन कुलपं.

"एकाकडं द्यायचा नसंल तर पेटीत ठेवा. तीन कुळांकडं तीन चाव्या. तिघं एकत्र आल्याशिवाय उघडायची नाय. आमच्याकडं देवाचं असंच करतात."

मला ही कल्पना इतकी आवडली की पुढच्या शुक्रवारी मी त्यांनाही मत्रहला घेऊन गेलो. अंबरीनच्या अम्मीने कोकणातला माणूस आला म्हणून सांदणं केली. भाऊंसाठी सगळे मराठीत खेळायला लागले. मस्कतमध्येच वाढलेल्या रय्यानचं मराठी अडखळत चालायचं. दर तीन शब्दांनी तो बहिणीकडे बघायचा आणि ती त्याला मुद्दाम चुकीचा शब्द सांगायची. पण पेटीने काम केलं. हातोडा आत गेला, तीन कुलपं लागली, तिन्ही मुखियांनी चाव्या गळ्यात घातल्या. डोंगरात दीड वर्षाने शांतता झाली. भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होते, आणि त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी न सांगता माझ्या गाडीशी येऊन उभे राहायला लागले.

बिघडलं ते जानेवारीच्या मध्यावर.

मिठाच्या खाणीवरून यशश्री आणि रय्यानची कुळं पुन्हा भिडली. फासे यशश्रीच्या बाजूने पडले. रय्यानच्या लोहकुळाची एक खाण गेली. त्याने गळ्यातली चावी काढून खिशात घातली आणि जाहीर केलं की त्याचा मुखिया चावीसकट उत्तरेच्या रिकाम्या बोगद्यांत निघून गेला आहे. मी गोष्ट पुढे नेली. डोंगराच्या पोटात पाणी शिरलं. भिंत फोडून पाण्याला वाट द्यायची तर भोरगचाच हातोडा हवा. पेटी उघडेना. अंबरीनने विनवण्या केल्या, यशश्रीने खाण परत देऊ केली. रय्यान खुर्चीत मागे रेलून बसला.

"चावी माझ्याकडे. आता बसा."

तो गंमत करत होता, तरी टेबलावरचं वातावरण बिघडलं. यशश्री मोबाईलमध्ये बघायला लागली. मला पुढे काय करावं सुचेना. म्हणून मी भाऊंना म्हटलं, तुम्ही एका वेळेपुरते खेळा. तुम्ही लोहकुळाचे म्हातारे लोहार आहात. मुखियाला शोधत बोगद्यात गेला आहात. त्याला काय सांगाल?

ते नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून रय्यानच्या समोर आणली आणि त्याच्याकडे पाहत बसले. हात कमरेशी गेला, आणि या वेळी तिथेच राहिला.

"चावी मागायला नाय आलो. तुझीच हाय ती. तुझ्या बापानं दिली तुला. मी फक्त घरचं सांगतो."

रय्यान सावरून बसला.

"पहिल्या वर्षी लोक भांडले. तू बरोबर, का ते बरोबर. दुसऱ्या वर्षी हळहळले. तिसऱ्या वर्षी कुणी विषय काढला नाय. चौथ्या वर्षी ढोलवाला म्हातारा गेला. त्याचा वाजवायचा हात कुणी उचलला नाय. उचलणार कसा, पेटी उघडली तर ढोल वाजणार. आता बारकी पोरं विचारतात, पालखी नाचवतात म्हंजे काय करतात?"

बुटक्यांच्या गोष्टीत ढोल नव्हता आणि पालखीही नव्हती. पण कुणी अडवलं नाही. रय्यानने अडखळत विचारलं, "मी चावी दिली... आणि ते लोक राजा झाले तर?"

मला वाटलं, आता भाऊ समजूत घालतील.

"होतील," ते म्हणाले. "होऊ शकतात."

रय्यानने खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. मी पेटी उघडायला हात पुढे केला, तेव्हा भाऊ उठून उभे राहिलेले होते. त्यांनी अम्मींचा निरोप घेतला आणि खाली गाडीशी जाऊन थांबले.

परतीच्या रस्त्यावर आम्ही रुवीपर्यंत आलो. मग सदरा वर करून त्यांनी मला दाखवलं. कमरेच्या करगोट्याला एक चावी बांधलेली होती, पितळी, घासून गुळगुळीत झालेली.

त्यांनी सांगितलेलं मी इथे थोडक्यात लिहितो. निवेकोंडच्या ग्रामदेवतेची रुपं, म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे, शिमग्यात पालखीत बसवतात. कुठल्या तरी जुन्या राजाने ती गावाला दिली असं गाव मानतं. कुठला राजा ते कुणाला माहीत नाही. रुपं लागली की पालखी देव होते, नाहीतर नुसतं लाकूड. मान भुवडांच्या दोन घरांचा. पालखी पहिल्यांदा थोरल्या घराच्या अंगणात जाते, मग धाकट्याच्या. उत्तमभाऊ थोरल्या घरचे. २०१२ साली शिमग्याच्या तोंडावर त्यांचे वडील वारले. घराला सुतक, म्हणून त्या वर्षी पालखी पहिली धाकट्या घरी गेली. पुढच्या वर्षी धाकटं घर म्हणालं, आता पहिली इथेच येणार, देवाने स्वतः पायंडा पाडला आहे. काठ्या निघाल्या. शेवटी पोलीस ठाण्यात बसून कागद झाला. रुपं पेटीत, पेटीला दोन कुलपं, एकेक चावी एकेका घराकडे. दोन्ही घरं मिळून उघडतील तेव्हाच पालखी निघेल. कुलूप तोडायचं धाडस गावात कुणी करणार नव्हतं. देवाच्या पेटीवर घाव कोण घालणार?

भाऊंची सुट्टी संपत आली होती. चावी घरी ठेवली तर मैनावहिनी दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकतील, हे ते ओळखून होते. म्हणून ती करगोट्याला बांधून ते मस्कतला आले.

"आणि दुसरी?" मी विचारलं.

धाकट्या घरचा कर्ता म्हणजे त्यांचा चुलतभाऊ रमण. उत्तम चावी घेऊन परदेशी गेला हे कळताच त्यानेही आपली चावी उचलली. रमण अल अमेरातला एका शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. म्हणजे निवेकोंडचा देव पाच वर्षं कोकणात कोंडलेला, आणि त्याच्या दोन्ही चाव्या मस्कतच्या दोन टोकांना. भाऊ मला हे सांगत होते तेव्हा ते हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

वादी अदईचा फाटा दिसला तेव्हा ते म्हणाले, "डावीकडं घ्याल काय? अमेरातला."

डोंगरातून वाट काढत तो रस्ता पलीकडे उतरतो. उतरेपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शाळेचं नाव त्यांना माहीत होतं, मागची गल्लीही, कुठल्या पत्र्याच्या दाराशी थांबायचं तेसुद्धा. एवढ्या वर्षांत किती वेळा इथपर्यंत येऊन परतले होते, ते मी विचारलं नाही.

रमण बनियनवर बांगडे तळत होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे, मग परत कढईकडे.

"थोरल्या घराला उशीर व्हायचाच," तो म्हणाला. "चपला तिथंच काढ. आतमधी फरशी पुसलीय."

आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्याच खिळ्याला एक चावी टांगलेली होती. उघडी, कुणालाही दिसेल अशी. भाऊंनी ती पाहिली आणि नजर खाली घेतली.

बोलणं बांगड्यांवरून सुरू झालं, मग सुट्टीवर आलं. रमणला फेब्रुवारीअखेरीपासून महिन्याची सुट्टी मिळाली होती, म्हणजे तो शिमग्याला गावी असणार. भाऊंना सुट्टी नव्हती. तेलाचे भाव पडल्यापासून वर्कशॉपमधले अर्धे लोक परत पाठवले होते. अशा वेळी जो रजा मागेल तो परत येईलच याची खात्री नव्हती. ते रमणला माहीत होतं, त्याच्याकडेही तेच चाललेलं होतं.

भाऊ उठले आणि करगोटा सोडायला लागले. पाच वर्षांची गाठ, ती काही सुटेना. रमणने मासे कापायची सुरी पुढे केली. भाऊंनी दोरा कापला आणि चावी पलंगावर ठेवली.

रमण तिला हात लावेना. "उद्या तूच म्हणशील, रमणनं लाटलीन."

"हे साहेब साक्षीला हायत."

"कागदात लिवलंय, दोन्ही घरं पायजेत."

"घर हाय की. मी नसलो म्हणून घर मेलं काय?"

रमणने कढईखालचा गॅस बंद केला. ज्यावरून काठ्या निघाल्या होत्या तो प्रश्न खोलीत तसाच होता, आणि तो आता काढावाच लागणार हे मलाही कळत होतं. रमणनेच काढला. त्याचा आवाज तेवढ्यापुरता कमी झाला.

"आणि पहिली कुणाच्या अंगणात?"

लेथपाशी भाऊ माप घेताना श्वास धरून ठेवायचे, तसे ते थांबले.

"तू तिथं असशील. मी नसंन. तू ठरव."

या वाक्याची किंमत मला तेव्हा नीट कळली नाही. त्यांच्या वडिलांचा, आज्याचा, पणज्याचा मान त्यांनी ज्याच्याशी भांडण त्याच्याच हातात ठेवला होता. एकही अट नव्हती. रमणने चावी उचलली. खिळ्यावरची काढली आणि दोन्ही एका सुतळीत ओवल्या. मग आम्हाला जेवायला वाढलं. जेवताना एकदा रमण म्हणाला की मीठ कमी पडलंय, आणि भाऊ म्हणाले की बरोबर हाय.

फेब्रुवारीत भाऊ अस्वस्थ असायचे. डावा हात कमरेशी जायचा आणि काहीच न सापडल्यामुळे तिथेच घोटाळायचा. त्या महिन्यात मी त्यांची दोन कामं नापास केली. त्यांनी दोन्ही निमूट पुन्हा केली. एकदा चहा पिताना ते एवढंच म्हणाले, की रमण लहानपणी खोटं बोलायचा नाही, पण लहानपण कधीच संपलं.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या फोनवर रमणने पाठवलेला व्हिडिओ आला. ओमानात तेव्हा व्हॉट्सअॅपवरून बोलता यायचं नाही, पण पाठवलेलं मिळायचं. लेथ बंद करून त्यांनी हात पुसले आणि फोन माझ्याकडे दिला. मी तो दोघांच्या मध्ये धरला.

देवळाचं अंगण, माणसांची गर्दी, मधोमध पेटी. रमण नवा सदरा घालून बसलेला. त्याने आपली चावी लावली, कुलूप काढून बाजूला ठेवलं. मग मागे वळून कुणाला तरी बोलावलं. गर्दी हलेना. त्याने पुन्हा हाक मारली, "वहिनी, या ना. थोरलं घर तुमी."

मैनावहिनी पुढे आल्या. डोक्यावर पदर, दोन्ही हात पदराला पुसत. मागून कुणीतरी कुरकुरलं की बाईमाणसाने देवाची पेटी उघडल्याचं कधी झालं नाही. रमणने तिकडे बघितलंही नाही. चावी त्यांच्या हातात दिली. कुलूप फिरेना. गंजलं होतं. वहिनींनी दोनदा जोर केला आणि घाबरून रमणकडे पाहिलं. कुणीतरी खोबरेल तेलाची वाटी आणली, रमणने कुलपात तेल ओतलं, आणि सगळं गाव वाट बघत उभं राहिलं. त्या मिनिटभरात व्हिडिओत फक्त एक लहान मूल रडताना ऐकू येत होतं. मग वहिनींनी पुन्हा चावी फिरवली. कडी निसटली. कुणीतरी ढोलावर टिपरी मारली, चुकीच्या ठेक्यात, पण मारली.

व्हिडिओ तिथेच संपला.

पालखी पहिली कुणाकडे गेली, मी विचारलं.

"त्यानं लिवलं नाय. मी विचारलं नाय."

विचारणार का, असं मी पुढे म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही ते मला समजलं नाही.

आमची बुटक्यांची गोष्ट त्या उन्हाळ्यात अर्धीच राहिली. यशश्रीची बदली दुबईला झाली, आणि दोघांत तीन कुळं चालेनात. पेटी रय्यानने ठेवून घेतली. हातोड्याचं डोकं माझ्याकडे आहे. दांडा नाही. राजा कोण हे काही ठरलं नाही, म्हणून भाऊंनी तो बसवला नाही आणि मीही मागितला नाही.

पण त्या दुपारी व्हिडिओ संपल्यावर त्यांनी फोन परत घेतला, व्हिडिओ मागे नेला आणि तेल ओतायच्या जागी थांबवला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं, आणि मला एकदम आमच्या वर्कशॉपमधला माणूस परत मिळाला.

"खोबरेल घातलंन," ते वैतागून म्हणाले. "थंडीत गोठंल ते. पुढल्या शिमग्याला परत अडकंल."

त्यांनी लेथखालच्या कपाटातून मशीन ऑइलची बारीक नळीची डबी काढली, हलवून किती शिल्लक आहे ते पाहिलं, आणि मागच्या खोलीत गावी न्यायच्या बॅगेच्या कप्प्यात नेऊन ठेवली.